तळ्याच्या गाळातला पारा: नमुना काढण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

रसशाळेत पारा आणि गंधक खलात घालून घोटतात. चकचकीत, हाती न लागणारा पारा हळूहळू दिसेनासा होतो आणि काजळासारखी काळी, मऊ भुकटी उरते. तीच कज्जली. ही कज्जली भट्टीवर चढवली की कूपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. काळी कज्जली आणि लाल रससिंदूर, रसायनाच्या भाषेत दोन्ही मर्क्युरिक सल्फाइडच. आणि खाणीतून निघणारा हिंगूळही तोच.

तळ्याच्या तळाशी, जिथला ऑक्सिजन संपलेला असतो आणि चिखलाला सडक्या अंड्याचा वास मारतो, तिथेही कज्जली तयार होत असते. खल नाही, बत्ता नाही, आणि कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसायचे नाहीत. मर्क्युरिक सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग पारा तिथेच गाडला जाऊन प्रश्न मिटायला हवा. तो मिटत नाही, कारण गाडला जाता जाता त्यातला थोडासा जिवाणूंच्या तावडीत सापडतो. ते त्याला मिथाइल गट चिकटवतात आणि तो मिथाइल पारा माशांत चढत जातो. गाळातल्या एकूण पाऱ्यापैकी मिथाइल पारा बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. माशाच्या मांसातला पारा मात्र बहुतांश मिथाइलच असतो.

म्हणून "गाळात पारा इतका सापडला" एवढं एकच वाक्य असलेला अहवाल मी बाजूला ठेवून देतो. एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांनी आणि प्रयोगशाळेकडून अहवाल मागवणाऱ्यांनी नमुना कसा काढावा, काय मोजायला सांगावं आणि आलेला आकडा कसा वाचावा, ते सांगायचा हा प्रयत्न आहे. उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर ठेवलं आहे अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यातलं, सिराक्यूज शहराला लागून असलेलं ओनोंडागा तळं. तिथल्या क्लोर-अल्कली, म्हणजे मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा करणाऱ्या, कारखान्यातून १९४६ ते १९७० या काळात सुमारे ७५ टन पारा तळ्यात गेला. १९७० साली तिथली मासेमारीच बंद करावी लागली.

तळाशी चालतं काय

आधी हे समजून घेऊ, कारण नमुना काढतानाचे सगळे नियम यातूनच निघतात.

गाळातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात आणि श्वासासाठी काही ना काही वापरतात. सगळ्यांत फायद्याचा ऑक्सिजन. तो आधी संपतो. मग नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडं, मग लोहाची, मग सल्फेट, आणि शेवटी काहीच उरलं नाही की मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी. ही एक उतरती शिडी आहे. स्वच्छ, थंड तळ्यात ती काही सेंटिमीटर खोलीत उतरते. सांडपाण्याने गडद झालेल्या तळ्यात अख्खी शिडी गाळाच्या वरच, तळालगतच्या पाण्यात उतरून संपलेली असते.

पाऱ्याला मिथाइल गट चिकटवणारे जिवाणू या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर बसतात. गाळात पाऱ्याचं मिथायलेशन जीवजंतू करतात, हे १९६९ साली स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नेलोव यांनी दाखवलं. नेमके कोण करतात, याचं उत्तर १९८५ साली कॉम्प्यू आणि बार्था यांनी दिलं. न्यू जर्सीच्या खाडीतल्या गाळात त्यांनी मॉलिब्डेट टाकलं. मॉलिब्डेट सल्फेटसारखं दिसून सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना अडवतं. त्याबरोबर मिथाइल पारा तयार होणं ९५ टक्क्यांहून जास्त घटलं. पुढे लोहावर जगणारे काही जिवाणू आणि काही मिथेनकारीही या यादीत आले. २०१३ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने त्यामागची जनुकांची जोडी, एचजीसीए आणि एचजीसीबी, शोधून काढली. ही जोडी नसेल तर जिवाणूला हे काम जमत नाही.

जिवाणू आहेत म्हणून काम झालंच, असंही नाही. पारा त्यांच्या पेशीत शिरायला हवा. गाळात तो दोन गोष्टींना घट्ट धरून असतो: सल्फाइडला, आणि सेंद्रिय पदार्थातल्या गंधकाच्या गटांना, म्हणजे थायॉलना. सल्फेट थोडं वाढलं की जिवाणू जोमाने कामाला लागतात आणि मिथाइल पारा वाढतो. ते फार वाढलं की सल्फाइड साचतं, पारा त्यात अडकतो आणि मिथाइल पारा पुन्हा कमी होतो. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत उसाच्या शेतीतून येणाऱ्या सल्फेटने हाच खेळ केला. धोका मधल्या पट्ट्यात आहे. गाळ किती काळा किंवा किती दुर्गंधी, यावरून तो ओळखता येत नाही, मोजावाच लागतो.

उलटी वाटही आहे. काही जिवाणू मिथाइल गट तोडतात, आणि वरच्या पाण्यात सूर्यप्रकाशही ते काम करतो. म्हणजे तुमच्या हाती येणारा मिथाइल पाऱ्याचा आकडा जमा-खर्चानंतरची शिल्लक आहे.

आधी प्रश्न, मग होडी

तीन प्रश्नांपैकी तुमचा कोणता, ते कागदावर लिहा. पारा कुठून आणि केव्हा आला? आज मासळीत तो कुठून चढतोय? गाळ उपसला तर काय होईल?

पहिल्या प्रश्नाला खोल गाभा, म्हणजे नळीने उभा काढलेला गाळाचा स्तंभ, लागतो, कालमापनासह. दुसऱ्याला वरचे पाच-सहा सेंटिमीटर आणि तळालगतचं पाणी लागतं, आणि तेही ऋतू पाहून. तिसऱ्याला दोन्ही.

ऋतूबद्दल. ओनोंडागा साधारण १९ मीटर खोल आहे. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी वेगळं पडतं, खालचा ऑक्सिजन संपतो, आणि मिथाइल पारा गाळातून सुटून खालच्या पाण्यात साचत जातो. शरद ऋतूत पाणी उलथतं तेव्हा तो सगळ्या तळ्यात मिसळतो. त्यामुळे एप्रिलमधला आणि सप्टेंबरमधला नमुना म्हणजे जणू दोन वेगळी तळी. आपल्याकडच्या खोल जलाशयांतही उन्हाळ्यात थर पडतात. उथळ तलावांत मात्र वाऱ्याने पाणी रोज ढवळलं जातं, तिथे हे चित्र लावू नका. होडीतून आधी तापमान आणि ऑक्सिजन दर मीटरला मोजा, मग ठरवा.

जागा निवडताना सर्वांत खोल ठिकाण हवंच, कारण बारीक गाळ आणि त्याला चिकटलेला पारा तिकडेच सरकतो. त्याखेरीज ओढा किंवा नाला तळ्याला मिळतो ती जागा, आणि एखादी अशी जागा जिथे संशय नाही. एका जागेवरून किमान तीन गाभे घ्या. एका गाभ्यावरून कधी काही सिद्ध होत नाही. परवानगीचं पत्र आधी. तलाव कुणाच्या ना कुणाच्या अखत्यारीत असतोच.

गाभा काढणं

माझ्या पहिल्या खेपेला मी जबडेवाल्या ग्रॅबने गाळ काढला. वर आला तेव्हा जबड्याच्या फटीतून काळं पाणी गळत होतं. त्या गळतीतच वरचा अर्धा सेंटिमीटर निघून गेला आणि नेमका तोच मला हवा होता. तेव्हापासून सर्वेक्षणाखेरीज ग्रॅब नाही. गुरुत्वाने बुडणारा नळीचा कोअरर वापरा: पारदर्शक पॉलिकार्बोनेटची सहा ते दहा सेंटिमीटर व्यासाची नळी, वर शिशाची वजनं आणि आपोआप मिटणारी झडप.

दोर हळू सोडा. शेवटचा मीटर तर फारच हळू, नाहीतर पुढे रेटल्या जाणाऱ्या पाण्याच्या लाटेनेच वरचा फुफाटा उडून जातो. वर घेताना नळीचं खालचं तोंड पाण्याबाहेर यायच्या आधीच हाताने रबरी बूच बसवा. हे काम होडीच्या काठावर पोटावर झोपून करावं लागतं, त्यामुळे हलकं माणूस बरोबर न्या आणि लाइफ जॅकेट विसरू नका.

चांगला गाभा ओळखता येतो. गाळावर नितळ पाणी उभं असतं, गाळाचा माथा सपाट असतो, आणि कधी कधी त्यात चिरोनॉमिड अळ्यांच्या बारीक नळ्या दिसतात. ऑक्सिजन असलेल्या तळ्यात वर दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस-तपकिरी थर असतो, तो लोहाच्या ऑक्साइडचा, त्याखाली काळं. तपकिरी थरच नसेल तर शिडी पाण्यातच उतरून संपली आहे. हा काळा रंग पाऱ्याचा नाही, लोहाच्या सल्फाइडचा आहे. काप हवेत ठेवून पाहा, काही तासांत तो तपकिरी पडतो. तुमच्या नमुन्याचं रसायन तुमच्या डोळ्यांदेखत बदलतंय, याचा याहून सोपा पुरावा नाही. फोटो काढा, पट्टी शेजारी धरून. पाणी गढूळ असेल, माथा तिरका असेल, तर गाभा टाकून द्या आणि पुन्हा काढा. टाकून द्यायला जीव होत नाही, पण द्या.

पाण्याच्या नमुन्यांसाठी "स्वच्छ हात, मळके हात" ही रीत पाळा. एक जण फक्त बाटलीला हात लावतो, दुसरा बाकी सगळ्याला. पाण्यातला पारा लिटरला नॅनोग्रॅममध्ये मोजतात. हातमोज्यावरची धूळही तिथे बोलते. दातांत चांदीचं भरण असेल तर उघड्या बाटलीवर वाकून बोलू नका, त्या भरणात निम्मा पारा असतो. बाटल्या काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या. साध्या पॉलिथिनमधून पाऱ्याची वाफ आरपार जाते, आतून बाहेर आणि बाहेरून आतही.

काप आणि कणांमधलं पाणी

गाभा उभाच ठेवून किनाऱ्यावर आणा, शक्यतो त्याच दिवशी कापा. वरचं पाणी नळीने हलकेच काढून घ्या. खालून दट्ट्या लावून गाभा वर सरकवायचा आणि पातळ पत्र्याने काप घ्यायचे. वरचे पाच सेंटिमीटर एकेक सेंटिमीटरचे, त्याखाली दोन-दोनचे पुरतात. प्रत्येक कापाची बाहेरची दोन-तीन मिलिमीटरची कड काढून टाका, कारण नळीच्या भिंतीला घासून वरचा गाळ खाली ओढला गेलेला असतो.

मिथाइल पारा किंवा कणांमधलं पाणी हवं असेल तर हे सगळं नायट्रोजन भरलेल्या ग्लव्ह बॅगमध्ये करायचं. बॅग महागडी असायलाच हवी असं नाही; जाड प्लास्टिकची, नायट्रोजन सतत वाहता ठेवलेली चालते. काप सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांत भरा, झाकणं आतच लावा, फिरवा, आणि वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून घ्या, तेही नायट्रोजनखाली. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजासारखं खाली बसतं आणि पाऱ्याला बरोबर घेऊन जातं. मग पाण्यात पारा "सापडत नाही" आणि तुम्ही आनंदाने चुकीचा निष्कर्ष काढता.

सल्फाइडसाठी पाण्याचा वेगळा हिस्सा काढा आणि त्यात झिंक अ‍ॅसिटेट घाला, म्हणजे तो झिंक सल्फाइड होऊन टिकतो. पाऱ्याच्या हिश्श्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. त्या बाटलीतून सल्फाइड वास बनून उडून जातं, म्हणून एकाच बाटलीवर दोन्ही परीक्षणं उरकू नका.

गोठवा, सुकवा, आणि ओलं-कोरडं विसरू नका

गाळाचे काप लगेच कोरड्या बर्फावर, मग उणे २० अंशांवर. गोठण्यापूर्वीच्या प्रत्येक उबदार तासात जिवाणूंचं काम चालूच असतं. सुकवायचं ते गोठवून निर्वातात, म्हणजे फ्रीझ ड्रायरमध्ये. भट्टीत १०५ अंशांवर सुकवलेल्या नमुन्यातून पारा उडतो. ओलावा मोजायला १०५ अंश वापराच, पण त्यासाठी वेगळा हिस्सा ठेवा.

ओलावा का महत्त्वाचा, ते एका हिशेबात पाहा. वरच्या थराचा ५.०० ग्रॅम ओला गाळ सुकवून ०.६० ग्रॅम उरला. म्हणजे ८८ टक्के पाणीच होतं. प्रयोगशाळेने अहवाल दिला, पारा ०.०३० मिलिग्रॅम प्रतिकिलो. आकडा छान दिसतो. पण तो ओल्या वजनावर आहे. ०.१२ ने भागा, कोरड्या वजनावर ०.२५ झाला. गोड्या पाण्याच्या गाळासाठी सर्रास वापरला जाणारा खालचा उंबरठा ०.१८ आहे, आणि तो कोरड्या वजनावर. एका शब्दाने तळं "स्वच्छ"चं "तपासायला हवं" झालं. अहवालावर "कोरड्या वजनावर" हे शब्द नसतील तर फोन करून विचारा.

एकूण पारा

दोन वाटा आहेत. सोपी वाट थेट जाळण्याची. सुकवलेला थोडासा गाळ बोटीसारख्या पात्रात ठेवून भट्टीत जाळतात, सुटलेली पाऱ्याची वाफ सोन्यावर पकडतात, सोनं तापवून ती सोडतात आणि २५३.७ नॅनोमीटरवर तिचं शोषण मोजतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, म्हणजे ईपीएची, ७४७३ क्रमांकाची पद्धत हीच. आम्लं नाहीत, बारा भानगडी नाहीत. यंत्र उपलब्ध असेल तर गाळासाठी हेच करा.

दुसरी वाट विरघळवण्याची. अर्धा ग्रॅम गाळ अम्लराजात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लात, पाण्याच्या धगीवर ठेवायचा. नुसतं नायट्रिक आम्ल वापरायचा मोह अनेकांना होतो, कारण बाकीच्या धातूंना ते चालतं. पण हिंगूळ नायट्रिकला दाद देत नाही. त्याला अम्लराजच हवं. गाळात कज्जली असेल आणि तुम्ही नायट्रिकनेच काम भागवलं, तर नेमका मोठा वाटा भांड्याच्या तळाशी काळा राहून जाईल. द्राव गाळून स्टॅनस क्लोराइडने पारा मूलरूपात आणायचा, आर्गॉनने वाफ ओढायची, आणि शोषण किंवा प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) मोजायची. पाण्यासाठी ईपीएचीच १६३१ क्रमांकाची पद्धत: आधी ब्रोमीन मोनोक्लोराइडने सगळा पारा एकाच रूपात आणायचा, उरलेलं हॅलोजन हायड्रॉक्सिल अमीनने मारायचं, पुढचं साधारण तसंच.

रिक्त नमुन्याविषयी, म्हणजे ज्यात गाळ घातलेलाच नाही अशा ब्लँकविषयी, माझा एक अनुभव. एका प्रयोगशाळेत आमचं ब्लँक सकाळी चांगलं यायचं आणि दुपारी चढायचं. आम्लं बदलली, आर्गॉनची टाकी बदलली, पंधरा दिवस गेले. शेवटी कुणाला तरी आठवलं की शेजारच्या खोलीतल्या ओव्हनचा थर्मामीटर कधीकाळी फुटला होता. ओव्हन सरकवला तर फरशीच्या फटीत पाऱ्याचे मोहरीएवढे चार-पाच मणी. दुपारी खोली तापली की ते वाफ सोडत होते. मणी उचलले, फटीत गंधकाची भुकटी चोळली, पुन्हा कज्जलीच म्हणा ना, आणि ब्लँक खाली आलं. पारा मोजायच्या खोलीच्या आसपास पाऱ्याचा थर्मामीटर नको.

मिथाइल पारा: इथे घाई नको

आधी जपायची गोष्ट. १९९६ साली डार्टमथ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल पाऱ्याचे काही थेंब पडले. थेंब मोज्यातून आरपार गेले. १९९७ च्या जूनमध्ये त्या गेल्या. गाळाच्या कामात डायमिथाइल पाऱ्याची कधीही गरज पडत नाही. मिथाइल मर्क्युरी क्लोराइडचं विरळ, प्रमाणित द्रावण घ्या आणि तेही धुरांड्याखालीच हाताळा.

पद्धत अशी: गाळातून मिथाइल पारा सोडवायचा, सोडियम टेट्राएथिलबोरेटने त्याला इथाइल गट लावून उडता करायचा, वायु-क्रोमॅटोग्राफीने वेगळा करायचा आणि प्रतिदीप्तीने मोजायचा. टेट्राएथिलबोरेट हवेत पेट घेतं. त्याचं एक टक्क्याचं द्रावण दोन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये करून छोट्या कुप्यांत गोठवून ठेवतात आणि वितळता वितळताच वापरतात. पिवळं पडलं की फेका.

खरा घोटाळा सोडवण्याच्या पायरीत आहे. बरीच वर्षं गाळ सरळ ऊर्ध्वपातित करत. १९९७ च्या सुमारास लक्षात आलं की ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातच सेंद्रिय पदार्थाच्या मदतीने साधा पारा मिथाइल होतो. अगदी थोडा, शेकडा ०.०२ ते ०.०५ च्या घरात. थोडा म्हणून सोडून देण्यासारखा आहे का? आपल्या उदाहरणात एकूण पारा ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमला २५० नॅनोग्रॅम. त्याचे ०.०३ टक्के म्हणजे ०.०७५ नॅनोग्रॅम. खरा मिथाइल पारा १.५ असेल तर ही चूक पाच टक्के, चालून जाईल. पण कारखान्याजवळच्या गाळात एकूण पारा १० मिलिग्रॅम असेल तर तीच चूक ग्रॅमला ३ नॅनोग्रॅम होते आणि खऱ्या आकड्याला गिळून बसते. जिथे पारा सर्वांत जास्त, तिथेच पद्धत सर्वांत जास्त खोटं बोलते.

म्हणून दूषित गाळासाठी आम्लयुक्त पोटॅशियम ब्रोमाइड आणि कॉपर सल्फेटने सोडवणूक करा, डायक्लोरोमिथेनमध्ये ओढा, मग पाण्यात परत आणा. हात जास्त लागतो, पण हा कृत्रिम वाटा बराच कमी होतो. तुमच्या प्रयोगशाळेला नुसतं विचारा, "सोडवणूक कशाने करता?" उत्तर अडखळत आलं तर दुसरी प्रयोगशाळा पाहा.

प्रमाणित संदर्भ-गाळ प्रत्येक खेपेला चालवा. आयएईए-४०५ या गाळात एकूण पारा ०.८१ मिलिग्रॅम प्रतिकिलो आणि मिथाइल ५.४९ मायक्रोग्रॅम. ईआरएम-सीसी५८० मध्ये एकूण १३२ मिलिग्रॅम आणि मिथाइल ७५ मायक्रोग्रॅम. दोन्ही नदीमुखाचे गाळ. जरा थांबून हे आकडे पाहा: एकूण पारा १६० पटींहून जास्त वाढला, मिथाइल जेमतेम १३ पट. एका तळ्याच्या एकूण पाऱ्यावरून दुसऱ्याच्या माशांबद्दल बोलू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. आणि एक सापळा: ५८० चा आकडा मिथाइल पाऱ्याचा आयन म्हणून दिलेला आहे, बऱ्याच प्रयोगशाळा मात्र "पारा म्हणून" देतात. दोहोंत साडेसात टक्क्यांचा फरक पडतो (२१५.६ भागिले २००.६). वसुली, म्हणजे प्रमाणित आकड्यापैकी तुम्हाला सापडलेला वाटा, १०० टक्के आली म्हणून खूष होण्याआधी कोणतं एकक, ते पाहा. वरच्या १३ पटींत तो हिशेब धरलेला आहे.

सोबत काय मोजाल

पैसे कमी असतील तर नमुने कमी करा, पण ही सोबत सोडू नका: सेंद्रिय पदार्थ (५५० अंशांवर जाळून वजनातली घट, सर्वांत स्वस्त), कणांमधल्या पाण्यातलं सल्फेट, सल्फाइड आणि विरघळलेलं लोह, तळालगतच्या पाण्यातला ऑक्सिजन आणि नायट्रेट, आणि गाळाच्या कणांचा आकार. पारा बारीक आणि सेंद्रिय गाळाला चिकटतो. वाळूचा नमुना आणि चिखलाचा नमुना थेट ताडून पाहता येत नाहीत. इतिहास हवा असेल तर शिसं-२१० (अर्धायुष्य साधारण २२ वर्षं) आणि सीझियम-१३७, ज्याचं टोक अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास येतं.

आकडे वाचणं

कारखाना, खाण काही नसलेल्या तळ्यांत एकूण पारा बहुधा ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या दरम्यान असतो. ०.१८ च्या खाली तळातल्या जीवांना त्रासाची शक्यता कमी आणि १.०६ च्या वर जास्त, असे गोड्या पाण्यासाठी २००० साली ठरवलेले सर्वसंमत उंबरठे आहेत. पण ते तळातल्या किड्यांसाठी आहेत. मासे खाणाऱ्या माणसासाठी त्यांचा उपयोग नाही. ०.१ मिलिग्रॅम गाळाच्या तळ्यातला मोठा शिकारी मासाही पाऱ्याने भरलेला निघू शकतो, तळं आम्लधर्मी, भोवती पाणथळ आणि खालचं पाणी बिनऑक्सिजनचं असेल तर.

मग कुठे पाहायचं? आधी वरच्या पाच सेंटिमीटरमधला मिथाइल पारा आणि त्याची टक्केवारी. जिथे सल्फेट झपाट्याने घटतं त्या खोलीशी मिथाइलचं टोक जुळतं का, ते तपासा. जुळलं तर गिरणी तिथे चालू आहे. टोक खोल, २०-३० सेंटिमीटरवर असेल, तर तो बहुधा गाडलेला इतिहास. एकूण पाऱ्याचं टोक आणि मिथाइलचं टोक वेगवेगळ्या खोलीवर असणं अगदी नेहमीचं आहे, त्याने गोंधळू नका.

नवा पारा आणि जुना पारा सारखा वागत नाही, याचा सर्वांत सुंदर पुरावा कॅनडातल्या ऑन्टारिओच्या प्रायोगिक तळ्यांतून आला. ६५८ क्रमांकाच्या तळ्यात आणि त्याच्या पाणलोटात २००१ ते २००७ पाऱ्याची तीन वेगवेगळी समस्थानिकं सोडली: डोंगरउतारावर २००, पाणथळीत १९८, थेट तळ्यावर २०२. माशांतलं कोणतं कुठून आलं ते त्यामुळे ओळखता यायचं. थेट तळ्यावर पडलेला पारा चटकन मिथाइल होऊन माशांत शिरला. उतारावरचा मातीतच अडकून राहिला. आणि सोडणं बंद केल्यावर आठ वर्षांत मोठ्या माशांतला तो ओळखीचा पारा ३८ ते ७६ टक्क्यांनी उतरला. गाळात तर तो होताच, पण वरून ताजा गाळ पडत गेला आणि जुना कामातून गेला.

तेव्हा गाळ उपसायचा विचार असेल तर आधी गाभ्यात पाहा, जुना पारा कोणत्या खोलीवर झोपला आहे. वरचा स्वच्छ थर काढून खालचा दूषित थर उघडा पाडणं, हे काम यंत्राने एका दिवसात होतं.

तमिळनाडूतल्या कोडईकनालच्या पाराप्रदूषणाचा विषय या संदर्भात नेहमी निघतो. तिथला थर्मामीटर कारखाना आला न्यू यॉर्क राज्यातल्याच वॉटरटाउनहून, सिराक्यूजच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरच्या गावातून, आणि २००१ मध्ये बंद झाला. पण तिथला पारा बराचसा हवेतून वाफेने पसरला, आसपासच्या शेवाळांत आणि दगडफुलांतही सापडला. ओनोंडागात तो नळीतून सरळ पाण्यात आला. गाभ्यांची जागा निवडताना हा फरक धरावा लागतो: पहिल्या ठिकाणी वाऱ्याची दिशा, दुसऱ्या ठिकाणी नाल्याचं तोंड.

ओनोंडागाचं पुढे काय केलं, त्यात हे सगळं रसायन एकत्र येतं. २०१२ ते २०१४ तळाचा काही भाग उपसला, बऱ्याच भागावर स्वच्छ वाळू-खडीचं पांघरूण घातलं. पण मधल्या खोल भागाचं काय? तिथे आधीच एक गोष्ट लक्षात आली होती. शहराच्या सांडपाणी केंद्राने २००४ पासून अमोनियाचं नायट्रेट करायला वर्षभर सुरुवात केली, आणि कुणी पाऱ्याचा विचारही केला नसताना खालच्या पाण्यातला मिथाइल पारा घटला. नायट्रेट शिडीवर ऑक्सिजननंतरची पायरी आहे. ती टिकली की जिवाणू सल्फेटपर्यंत उतरतच नाहीत.

मग २०११ पासून ते मुद्दाम करून पाहिलं. उन्हाळ्यात, पाण्याचे थर पडल्यावर, कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण तराफ्यावरून खाली सोडायचं. द्रावण जड असतं, तसंच सोडलं तर थेट तळाला जाऊन बसेल. म्हणून तळ्याचंच पाणी मिसळून त्याची घनता नेमकी खालच्या पाण्याएवढी करतात, म्हणजे ते त्या थरात आडवं पसरतं. खालच्या पाण्यातला मिथाइल पाऱ्याचा साठा २००९ च्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त उतरला. गाळातला एकूण पारा या उपायाने एका कणानेही कमी झाला नव्हता. अशा तळ्यावर नमुना काढायला जाल तेव्हा होडीत पाऱ्याच्या बाटल्यांआधी नायट्रेटचा प्रोब ठेवा, आणि तळापासून एक मीटर वरचा आकडा दर आठवड्याला टिपत चला.